८७ हॉर्सपॉवरची मोटार

सी-४०३, सानिकाची आई: नमस्कार मंडळी. नववीचं फिजिक्स कुणाला येतं का हो? सानिका दीड तास एकाच गणितावर बसलीय, आता रडायला आलीय. बाबा टूरवर आणि माझं कॉमर्स.
गणित असं: २० मीटर उंचावरच्या टाकीत १०,००० लिटर पाणी ३० मिनिटांत चढवायचं, तर पंपाची पॉवर किती? जी (गुरुत्वाकर्षणाचं ॲक्सिलरेशन) = ९.८.

बी-१०१: हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामांसाठी आहे. कृपया नोंद घ्यावी.

ए-२०२: आणि सकाळी तुमच्याकडून गुलाबाची फुलं आली ती कुठल्या कामासाठी? 😄

ए-५०४: चॅटजीपीटीला विचार ना गं.

सी-४०३: दादा, मी सानिका. विचारलं. त्याने जी १० धरला, बाईंना ९.८च हवा. आणि नुसतं उत्तर मिळालं, कळलं काहीच नाही.

बी-३०२, लिमये काका: बाळा, तुझं उत्तर काय येतंय ते आधी टाक.

सी-४०३: ६५,३३३ वॅट. मागे उत्तर १,०८९ दिलंय.

लिमये काका: एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. ७४६ ने भाग बघू.

सी-४०३: ८७.५

लिमये काका: ८७ हॉर्सपॉवर! पंपाच्या खोलीत अख्खी मोटारगाडी उभी करावी लागेल. कार्य किती काढलंस?

सी-४०३: कार्य म्हणजे वर्क ना? माझं सेमी आहे काका.

लिमये काका: वर्कच. आम्ही त्वरण म्हणायचो, तुम्ही ॲक्सिलरेशन म्हणता. पाणी चढायचं तेवढंच चढतं.

सी-४०३: १ लिटर म्हणजे १ किलो धरलं. १०,००० × ९.८ × २० = १९,६०,००० ज्यूल.

लिमये काका: शाब्बास. खरी मेख तिथेच होती, ती तू काढलीस. मग भागलंस कशाने?

सी-४०३: ३० ने.

लिमये काका: ३० काय?

सी-४०३: मिनिटं

सी-४०३: अय्यो. सेकंद!! १८०० ने भागायचं. १,०८८.८ आलं 🙈

ए-३०१, खजिनदार: काका, मध्ये बोलतो. हे तर दीड हॉर्सपॉवर झालं. आपलीही टाकी १०,०००चीच, उंचीही साधारण तेवढीच. मग ३ची मोटार कुणी घ्यायला लावली?

लिमये काका: मीच. पुस्तकातल्या पाइपाला घर्षण नसतं हो. आपल्याकडे चार बेंड, व्हॉल्व, शिवाय पंपच काही शक्ती खातो. निम्मी पाण्याला लागली तरी पुष्कळ. ३० वर्षं पाणीपुरवठ्यात घालवलीत मी. बसवली तेव्हा अर्ध्या तासात टाकी भरायची. हल्ली?

सचिव: वॉचमनला विचारलं. ५० मिनिटं.

सी-४०३: काका, १९,६०,००० भागिले ३,००० = ६५३. आणि ३ हॉर्सपॉवर म्हणजे २,२३८. म्हणजे २९ टक्केच??

लिमये काका: बघा, हिला आता सोडवत नाहीये. खालच्या टाकीत पाइपाच्या तोंडाशी फूटव्हॉल्व असतो, त्याची जाळी गाळाने बुजली असणार. नाहीतर इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, झिजलाय. खालची टाकी शेवटची कधी धुतली?

सचिव: पाहून सांगतो.

ए-२०२: म्हणजे धुतली नाही 😄

खजिनदार: २० मिनिटं जादा, दिवसातून दोनदा. महिन्याला ४० युनिटं तरी जळतात. बिल का वाढलं ते गेल्या मीटिंगपासून शोधतोय मी!

बी-१०१: हा विषय अजेंड्यावर घ्यावा.

सी-४०३: काका, मी सानिकाचा दादा, दहावी. माझंही टाकीचंच आहे. दोन नळ मिळून टाकी २ तासांत भरतात. लहान नळाला एकट्याने मोठ्यापेक्षा ३ तास जास्त लागतात. समीकरण x² − x − ६ = ० आलं, उत्तरं ३ आणि −२. आता −२ तासांत टाकी कशी भरणार?

ए-५०४: आपल्या टाकीसारखी. भरायच्या आधीच रिकामी.

लिमये काका: मोठा नळ ३, लहान ६. एका तासात एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश, म्हणजे अर्धी टाकी. जुळलं. −२ नुसतं खोडू नकोस, 'वेळ ऋण नसतो म्हणून घेतला नाही' असं लिही. नाहीतर मार्क जातो.

सचिव: प्लंबर उद्या १० वाजता येतोय. १० ते १ पाणी बंद राहील. बादल्या भरून ठेवाव्यात.

ए-२०२: सानिका, उद्या शाळेतून जरा उशिराच ये गं 😄