सुट्टीत म्युझियम: शो की वर्कशॉप?

नमस्कार मंडळी,

शाळांना सुट्टी लागतेय. सायन्स म्युझियमच्या पत्रकात द्रव नायट्रोजनचा शो आहे, तासाभराची वर्कशॉप्स आहेत आणि आठवडाभराचं शिबिरही. थोरला दहाचा, धाकटी सहाची. दोघांना एकाच ठिकाणी घातलं तर माझी पळापळ वाचेल. कुणाला अनुभव?

---

ताई, नमस्कार.

सुट्ट्यांत मी म्युझियममध्ये स्वयंसेवक असतो, म्हणून स्पष्टच सांगतो: एकत्र घालू नका. थोरला सगळी उत्तरं देऊन मोकळा होईल आणि धाकटी नुसती बघत बसेल.

शोचं मला फारसं कौतुक नाही. वाऱ्याच्या नळीचं वर्कशॉप असेल तर मात्र सोडू नका. पारदर्शक उभी नळी, खाली पंखा. मुलं कागदी कप, पिसं, चिकटपट्टी घेऊन काहीबाही बनवतात आणि आत सोडतात. पहिल्यांदा ते एकतर तळाशी बसतं, नाहीतर सुसाट वरून बाहेर पडतं. मग पंख कातरायचे, कपाच्या बुडाला भोक पाडायचं, पुन्हा सोडायचं. मधोमध तरंगत ठेवणं भलतंच अवघड. नेमकं तेव्हाच कुणाचे तरी बाबा "आण इकडे, मी दाखवतो" म्हणत कात्री घेतात. (यात आपली मंडळी पुढे, काय सांगू!)

सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम १९६९ साली फ्रँक ओपनहायमरने काढलं ते मुलांनी वस्तूंना हात लावावा म्हणूनच. हा अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरचा धाकटा भाऊ, स्वतःही भौतिकशास्त्रज्ञ.

थोरल्यासाठी फुकोचा लंबक (उंचावरून लांब तारेला टांगलेला जड गोळा, खाली गोलात मांडलेल्या खुंट्या) असेल तर बघा. गोळा झोके घेत एकेक खुंटी पाडतो, तेवढा वेळ त्याला तिथे बसू द्या. लंबकाची दिशा वळताना दिसते, कारण खालची जमीन फिरत असते. ध्रुवावर ही फेरी सुमारे २४ तासांत पुरी होते, ४५ अक्षांशावर सुमारे ३४ तास लागतात आणि विषुववृत्तावर दिशा वळतच नाही. असं का, ते त्याला विचारा. डोक्यात घोळ होईल, होऊ द्या. उत्तर लगेच सांगू नका.

शिबिराचं म्हणाल तर दोघांनाही म्युझियमची गोडी लागल्यावर बघा.

---

दादा, शोवर एवढा राग का?

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीतली व्याख्यानं १८२५ साली सुरू झाली. मायकेल फॅरडेने तिथे नुसत्या मेणबत्तीवर मुलांना खिळवून ठेवलं. मेणबत्ती विझवायची आणि वर जाणाऱ्या धुराच्या रेषेला पेटती काडी लावायची: ज्योत धुरातून खाली वातीवर उडी मारते. जळते ती मेणाची वाफ, हे मुलांना न सांगता दिसतं. टाळ्या घेणारा शो आणि विचार करायला लावणारा शो यांत फरक आहे, एवढंच.

नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. त्यात फुगा बुडवण्याआधी निवेदक "काय होईल?" असं विचारून थांबला, तर शो चांगला समजा. फुगा आक्रसतो, कारण आतली हवा थंड होऊन बरीचशी द्रवरूप होते. बाहेर काढला की परत फुगतो. थोरल्याला न्या, ताई.

---

दादा, काका, दोघांचेही आभार. धाकटीचं नाव नळीच्या वर्कशॉपला घालते. पालकांपैकी एकाने सोबत थांबायचं आहे, म्हणजे मीच (कात्रीला हात लावणार नाही). शो त्याच वेळी आहे. काका, थोरल्याला तुम्ही न्याल का?