फ्लाय फिशिंगचा लेसन: घ्यायचा की मैदानावरच हात बसवायचा?

संत्रानगरकर: मे महिन्यात आम्ही चौघं हिमाचलला तीर्थन नदीवर ट्राउट मासे धरायला चाललोय. बाकी तिघं म्हणतात आधी गाइडकडून कास्टिंगचा, म्हणजे दोरी फेकण्याचा लेसन घेऊ. मला तर हे पैसे वाया घालवणं वाटतं. यूट्यूबवर सगळं आहे, हुकच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा, सकाळी रेशीमबाग मैदानावर काठी फिरवा, झालं. आपल्याकडचे ढीवर कोणत्या क्लासला गेले होते?

फुटाळाप्रेमी: ते बापाच्या बाजूला बसून शिकले ना भाऊ, तोच त्यांचा क्लास. अन् साध्या गळाले शिसं असते, ते दोरी ओढत नेते. फ्लाय म्हणजे हुकवर बांधलेलं नुसतं पीस-दोरा, वजन सगळं दोरीतच, म्हणून दोरी आधी मागे पूर्ण सरळ व्हावी लागते, मगच पुढे मारायची. आता मागे काय होऊन राहिलं हे तुले कसं दिसन बे?

संत्रानगरकर: मोबाइल बाजूला लावायचा, स्लो मोशनमध्ये बघायचं.

फुटाळाप्रेमी: दिसन, पण कळन काय? नवा माणूस मनगट मोडून काठी पार मागे झोपवते, दोरी गवतावर पडते, मग तो पुढून अजून जोर लावते अन् लीडरले, म्हणजे दोरीच्या टोकाच्या बारीक तंगूसले गाठी पडतात. तो म्हणते हवा होती. बाजूले कोणी उभा राहून "थांब... हं, आता" म्हटल्याशिवाय तो मधला थांबा हातात बसतच नाही.

वर्धारोडवाली: दोघंही कास्टिंगवरच अडकलात की. ट्राउट पुष्कळदा जवळच्याच दगडाआड असतो, लांब फेकून करायचंय काय? खरी भानगड प्रवाहाची आहे, पाणी दोरीला ओढतं आणि फ्लाय पाण्यापेक्षा जोरात पळायला लागते, मासा तिकडे बघतही नाही. दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायची, ते ना गवतावर शिकता येतं ना अंबाझरीच्या थांबलेल्या पाण्यात. लेसन घ्याच, पण नदीवर. मैदानावरच्या लेसनला मी तरी एक रुपया देणार नाही.

संत्रानगरकर: म्हणजे अर्धं माझंच खरं ना! ते तिघं घेतील लेसन, मी काठावर बसून फुकट ऐकतो 😄

फुटाळाप्रेमी: ऐक बावा, पण चष्मा अन् टोपी घालून बस. तिघं नवे, तिघांचे हुक मागेच येतील. हुकचा बार्ब, म्हणजे तो उलटा काटा, आधीच पक्कडनं दाबून ठेवा म्हणा.

वर्धारोडवाली: आणि मच्छी विभागाचं लायसन्स चौघांचं काढा, फुकट ऐकणाऱ्याचंसुद्धा, नंतर काठी हातात घेतल्याशिवाय राहवणार आहे का तुम्हाला!