मदत हवी आहे : शिक्षकांनी मोकळेपणाने बोलावं यासाठी काय करता?

नमस्कार. यंदापासून मुख्याध्यापकाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे आणि स्टाफरूममधली शांतता मला बोचतेय. मीटिंगमध्ये "काही अडचण?" विचारलं की सगळे वहीत बघतात. नंतर व्हरांड्यात एखाद्या मॅडम हळूच सांगतात, "सर, रात्री साडेदहाला ग्रुपवर माहिती मागवली की झोपच उडते."

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाने पार थकून जाण्याला, आजार न म्हणता, कामाच्या ठिकाणी नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटलं. त्यामुळे एक दिवसाचं ताणमुक्ती शिबिर घेऊन भागेल असं मला अजिबात वाटत नाही, कामाची मांडणीच बदलायला हवी. संध्याकाळनंतर मेसेज बंद आणि तीच माहिती दोनदा मागायची नाही, एवढं मी ठरवलंय.

अडतंय ते पुढे. नाव न लिहिता मतं मागवली तरी छोट्या स्टाफमध्ये अक्षरावरून, विषयावरून माणूस ओळखू येतो. ही भीती खोटी नाही. तुमच्याकडे लोक वरिष्ठांसमोर बोलू लागले ते नेमकं कशामुळे? आणि वरून आलेली 'आजच पाठवा' छापाची कामं वर्गावरच्या शिक्षकापर्यंत पोचू न देता कशी हाताळता? स्वतः करून पाहिलेलं असेल ते कृपया सविस्तर लिहा.