रूट कॅनालमध्ये जंतू मुळाच्या टोकाबाहेर ढकलतं कोण, कॅनाल खरवडणारी फाइल की तो धुणारी सुई?

एंडो_कट्टा: कुजलेल्या पल्पची (दाताच्या आतल्या गराची) खालची पहिली दाढ घ्या. उपचारानंतर दुसऱ्या दिवशी ती ठणकली, गाल सुजला की सगळे रेसिप्रोकेटिंग (आलटून-पालटून सुलट-उलट फिरणाऱ्या) फाइलला दोष देतात. मला ते पटत नाही. प्रत्येक फाइल थोडाफार भुगा टोकाबाहेर टाकतेच, आणि वरखाली घासलेली हाताची साधी के-फाइल तर त्यात पुढेच असते. खरा घात सुई करते. पुढून उघडी, जाड सुई कॅनालमध्ये रुतेपर्यंत घातली आणि दट्ट्या दाबला, की धुण्याच्या द्रावणाला वर परतायला वाट उरत नाही. ते भुग्यासकट, जंतूंसकट हाडात शिरतं. बाजूला छिद्र असलेली 30 गेजची (बारीक) सुई, वर्किंग लेंथच्या (फाइल जिथवर न्यायची त्या मापाच्या) 2 मिमी अलीकडे, सतत हलती ठेवा. दट्ट्या अंगठ्याने नको, तर्जनीने हलकेच दाबा.

दंतमूळ: सुई रुतली तर चूक हाताची. फाइलचा दोष मात्र तिच्या चालीतच आहे. सलग फिरणाऱ्या फाइलच्या खाचा स्क्रूसारखा भुगा वर आणतात. रेसिप्रोकेटिंग फाइल प्रत्येक फेरीत थोडी उलटी फिरते, तिथे हा उपसा तुटतो. शिवाय एकच फाइल वरपासून टोकापर्यंत जाते, म्हणजे वरची घाण साफ व्हायच्या आतच खाली दाबली जाते. 2012 मध्ये ब्युर्क्लाइन आणि शेफर यांनी तोलून पाहिलं: रेसिप्रोक आणि वेववन या रेसिप्रोकेटिंग फाइल्सनी एमटू आणि प्रोटेपर या सलग फिरणाऱ्या फाइल्सपेक्षा जास्त भुगा बाहेर टाकला.

सुईधारी: तो प्रयोग काढलेल्या दातांवरचा आहे, हे विसरू नका. दात बाटलीच्या तोंडात अडकवलेला. टोकाभोवती ना हाड, ना लिगामेंट (दात हाडाला धरून ठेवणारे तंतू), त्यामुळे उलटा दाब शून्य. आणि तोलला जातो तो भुगा, जंतू नव्हेत. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारणारं धुण्याचं द्रावण) सुकल्यावर मिठाचे स्फटिक वजन बिघडवतात, म्हणून अशा प्रयोगांत बहुतेकदा डिस्टिल्ड वॉटर वापरतात. कॅनाल हायपोने भरलेला असताना निघालेला भुगा आणि पाण्यात निघालेला भुगा सारखाच जिवंत कसा असेल? ब्युस्ट्रॉम आणि सुंडक्विस्ट यांनी 1981 मध्ये नुसत्या सलाइनने कॅनाल साफ करून पाहिले, तेव्हा जंतू खूप घटले, पण बऱ्याच दातांत टिकून राहिले. 1983 मध्ये 0.5 टक्के हायपोने निकाल सरस आला.

दंतमूळ: हायपो भरलेला असला तरी तो किती वेळ टिकतो? कॅनालमध्ये मावतात जेमतेम काही थेंब. कुजलेल्या पल्पशी गाठ पडली की क्लोरीन झपाट्याने संपतं. मग फाइल ढवळते ती निकामी, गढूळ पाण्यात. आणि 30 गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास सुमारे 0.3 मिमी असतो. कॅनाल 20 नंबरच्या फाइललाच (टोकाशी 0.2 मिमी) सोडला तर ती टोकाजवळ पोचेल कशी? सुईची वाट फाइलच करून देते.

एंडो_कट्टा: हे शेवटचं मान्य, आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावा, चेंबर (दाताच्या माथ्यातली पोकळी) हायपोने धुवा, आधी वरचा दोन तृतीयांश कॅनाल रुंद करून घ्या, मगच टोकाकडे वळा. फाइल वरखाली तीनदा हलकेच चालवून झाली की ती बाहेर काढा, खाचा स्पंजवर पुसा, 2 मिली ताजा 3 टक्के हायपो सोडा, 10 नंबरची बारीक फाइल फिरवा. पीटर्सच्या 2001 च्या मायक्रो-सीटी (बारीक एक्स-रे स्कॅन) अभ्यासात कुठल्याही फाइलने भिंतीचा 35 टक्के किंवा त्याहून जास्त भाग शिवलाच नव्हता. तिथे फक्त द्रावणच जातं. शेवटी भिंतीवरचा भुग्याचा थर काढणारं 17 टक्के ईडीटीए एक मिनिट, पुन्हा हायपो, 20-20 सेकंदांचे द्रावण कंपनांनी ढवळणारे तीन अल्ट्रासोनिक फेरे. क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशक वापरायचंच असेल तर आधी हायपो सलाइनने नीट धुऊन काढा, नाहीतर तपकिरी साका बसतो.

दंतमूळ: क्रम पटला. पण त्यातला 10 नंबर पेटन्सीसाठी (टोकाची वाट मोकळी ठेवायला) टोकाबाहेर नेणार असाल, तर कुजलेल्या कॅनालमध्ये पहिल्याच मिनिटाला नको. वरचा भाग धुऊन झाल्याशिवाय तीच फाइल जंतूंना थेट हाडात पोचवते, मग सुई कितीही बारीक असो.