मदत हवी आहे: मुख्याध्यापकांचं नैतिक नेतृत्व, प्रबंधाचा प्रश्नच पकडीत येत नाही

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, नोकरी सांभाळून एम.एड. करतेय. लघुशोधप्रबंधाला वरचा विषय घेतलाय. आराखडा पंधरा दिवसांत द्यायचाय आणि मी अडकलेय.

वाचन झालंय ते असं. प्रशासनाचा अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट सायमनने १९४७ मध्ये तथ्यं आणि मूल्यं वेगळी काढली; प्रशासनाच्या शास्त्राने तथ्यांपुरतं बोलावं, असं म्हटलं. पुढे ग्रिफिथ्स वगैरे अमेरिकी मंडळींनी तोच धागा शाळांच्या प्रशासनात आणला. मग १९७४ मध्ये ब्रिस्टलच्या परिषदेत कॅनडाच्या थॉमस ग्रीनफिल्डने तो उसवला: शाळा ही काही निसर्गातली वस्तू नव्हे, ती माणसांच्या कृतीतून आणि अर्थ लावण्यातून उभी राहते, मूल्यं वगळून तिचा अभ्यास कसा होणार? इथवर कळतं. शाळेच्या नैतिक नेतृत्वासाठी स्टॅरट या अभ्यासकाने मांडलेली चिकित्सा (व्यवस्थाच कुठे अन्याय करते ते तपासणं), न्याय आणि आस्था ही त्रयीही पाठ झाली. पण डोक्यात जो प्रसंग घोळतोय, त्याला ती लावायला गेले की सगळं निसटतं.

प्रसंग आधीच्या शाळेतला. दिवाळीच्या सुमारास मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. पट होता ६२. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठापर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तिसरा. गेलेल्या चार मुलांची हजेरी मुख्याध्यापक सर रोज मांडायचे. विचारलं तर म्हणाले, "बाई, पट घसरला की तुम्ही अतिरिक्त. मग चार वर्ग दोघांनी कसे ओढायचे?" हेच सर ऑगस्टपासून घरोघर फिरून आज्यांना विनवायचे, पोराला माझ्या भरवशावर ठेवा म्हणून. नऊ मुलं त्यांनी अशी थांबवली होती. पण हजेरी लागली की पोषण आहाराचा तांदूळही कागदावर शिजतो, मुलामागे १०० ग्रॅम. तो कुठे जायचा ते मी विचारलं नाही. (विचारायला हवं होतं.)

मार्गदर्शक म्हणतात, परिपाठ आणि मूल्यशिक्षणावर प्रश्नावली काढा, शंभर मुख्याध्यापकांकडून भरून घ्या. 'मी नियमाने वागतो: पूर्णपणे सहमत' यावर कोण खूण करणार नाही? मग प्रश्न मांडू कसा? आणि 'आस्था' हा शब्द बरोबर आहे का? मार्गदर्शकांनी तो खोडून 'काळजी' केलंय.

प्रतिसाद १ (निवृत्त केंद्रप्रमुख)
ताई, सर चांगले की वाईट, हा निवाडा प्रबंधात होत नाही. नियम आणि मूल यांत ओढाताण झाली की मुख्याध्यापक कशाच्या आधारे ठरवतात, एवढंच धरा. शालेय नेतृत्वाचा अभ्यासक सर्जिओवानीने १९९२ मध्ये अधिकाराचे पाच उगम सांगितलेत: नोकरशाही, मानसशास्त्रीय, तांत्रिक, व्यावसायिक आणि नैतिक. मिळालेली उत्तरं त्यांत लावून बघा. आठ-दहा मुलाखती पुरेत. मात्र खरा प्रसंग विचारू नका. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीनंतर (पटावरची मुलं खरंच शाळेत आहेत का, याची सरकारी मोजणी) हजेरीचा विषय निघाला की माणूस गप्प होतो. आणि बोललाच, तर तुमच्या वहीतलं वाक्य उद्या त्याच्यावरच्या कारवाईला कारण होईल. काल्पनिक प्रसंग लिहून द्या आणि 'या सरांनी काय करावं?' एवढंच विचारा.

प्रतिसाद २
'आस्था'च ठेवा, 'काळजी'त चिंता येते. पण तुम्ही चिकित्सा अर्ध्यावर सोडलीय. तिसरा शिक्षक दोन मुलांच्या फरकावर का लटकतो? गावात हंगामी वसतिगृह (आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांना गावातच ठेवण्याची सोय) होतं का? नसेल तर व्यवस्थेची सगळी भोकं एका माणसाच्या सदसद्विवेकाने बुजवायची, आणि त्याला आपण 'नेतृत्व' म्हणायचं, असं झालं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. वसतिगृह मंजूर होतं, सुरू झालं जानेवारीत. तोवर कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघून दोन महिने झाले होते. काल्पनिक प्रसंग आज रात्री लिहायला घेते. त्यात तांदळाचा भाग ठेवू का? तो घातला की सगळे सरांना चोर ठरवून मोकळे होतील अशी भीती वाटते, आणि काढला तर मीच पुन्हा विचारायचं टाळल्यासारखं होईल.