भूमध्य समुद्रातली क्रूझ: बंदरावरच्या सहली जहाजाकडून घ्याव्यात की आपल्या आपण ठरवाव्यात?

गोदाकाठ

सप्टेंबरात बार्सिलोनाहून सात रात्रींची क्रूझ ठरली आहे. बंदरं अशी: नेपल्स (७ ते १८.३०), चिविताव्हेकिया म्हणजे रोमसाठी (७ ते १९), लिव्होर्नो म्हणजे पिसा-फ्लॉरेन्ससाठी (७ ते १९), व्हिलफ्रान्श (८ ते १८, इथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या टेंडर बोटीनं किनाऱ्यावर नेतात), मग पाल्मा आणि परत बार्सिलोना.

आम्ही आठ जण. चार मोठे, दोन मुलं (६ आणि ११) आणि आई-बाबा. दोघंही सत्तरीपुढचे, आईचे गुडघे दुखतात, सलग अर्ध्या तासावर चालवत नाही. जहाजाच्या सहलींचे दर माणशी आहेत. आठानं गुणलं की आकडा बघवत नाही. बाहेरून बुक केलं तर किती वाचेल यापेक्षा काय चुकू शकतं ते आधी कळायला हवं आहे. कुठल्या बंदरावर काय करावं? सगळीकडे एकच मार्ग धरायचा नाहीये.

डेक ११

पत्रकातले ७ ते १९ बारा तास दिसतात, हातात नऊसुद्धा येत नाहीत. चिविताव्हेकियाचा हिशेब मांडून बघा. सातला जहाज लागतं, बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी येऊन उतरायला ७.३० ते ७.४५ होतात. जहाज १९.०० ला सुटणार असेल तर सगळ्यांनी परत चढण्याची वेळ, म्हणजे 'ऑल अबोर्ड', साधारण अर्धा ते एक तास आधी असते. १८.३० धरा. तुम्ही दोन तास हातात राखून १६.३० ला बंदरात हवेत. उरले पावणेनऊ तास. त्यातला जाण्यायेण्याचा प्रवास वजा करा, उरेल तेवढंच रोम.

जहाजाच्या सहलीचे जास्तीचे पैसे मुख्यतः एका गोष्टीसाठी असतात: त्यांची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरात पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. तुमची व्हॅन उशिरा आली तर थांबत नाहीत. ऑल अबोर्डनंतर कार्ड स्कॅन न झालेल्यांची नावं पुकारतात, मग शिडी उचलतात.

एक मधला मार्ग लोकांच्या लक्षात येत नाही. बहुतेक कंपन्यांच्या यादीत 'रोम ऑन युअर ओन' छापाची सहल असते. त्यात फक्त बस, गाइड नाही, तिकिटं नाहीत. सकाळी रोमला सोडतात, ठरल्या वेळी तिथूनच उचलतात. भाव पूर्ण सहलीपेक्षा बराच कमी आणि जहाज थांबण्याची हमी तीच. आत काय बघायचं ते तुम्ही ठरवा. फक्त बस कुठे सोडते ते आधी विचारून घ्या, कारण व्हॅटिकन आणि कोलोसियम रोमच्या दोन टोकांना आहेत.

फलाट नं. ३

ट्रेननं जायचं असेल तर चिविताव्हेकियाचे तपशील असे.

बंदराच्या आत चालत फिरू देत नाहीत. जहाजापासून बंदराची फुकट बस 'लार्गो देल्ला पाचे' नावाच्या ठिकाणी सोडते. तिथून स्टेशन साधारण वीस मिनिटं चालत, किंवा थोडे युरो देऊन दुसरी बस. आईंसाठी दुसरी बसच धरा. तिकीट घेऊन फलाटावर यायला ८.३० होतात. रोमची रेजिओनाले (सगळीकडे थांबणारी प्रादेशिक) गाडी 'रोमा सान पिएत्रो' स्टेशनला पाऊण ते एक तासात पोचते, तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनला सव्वा तास धरा. व्हॅटिकन बघायचं असेल तर सान पिएत्रोला उतरा, तेर्मिनीला जाऊन मेट्रोनं परत मागे येऊ नका. ही चूक रोज शेकडो लोक करतात.

कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा छाप उठवावा लागतो. मोबाइलवर काढलेल्या रेजिओनाले तिकिटाचं चढण्याआधी 'चेक-इन' करावं लागतं. दोन्हीपैकी काही राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो आणि 'आम्ही पर्यटक' हे उत्तर चालत नाही. दिवसभर बस-मेट्रोही लागणार असेल तर 'बिर्ग' नावाचं दिवसाचं तिकीट मागा. त्यात रेजिओनाले गाडी, रोमची मेट्रो आणि बस सगळं येतं.

तुमच्यासाठी वेळापत्रक: ९.३० सान पिएत्रो, तिथून दोन टॅक्स्या करून व्हॅटिकन म्युझियमचं दार (चालत वीस-पंचवीस मिनिटं, भिंतीला वळसा आणि चढ), म्युझियमची वेळ १०.३० ची बुक करा, आधीची नको. एकला बाहेर. जेवून, जमलं तर सेंट पीटर्स चौकातून तिथली बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च. १५.०० च्या आसपासची गाडी, १६.०० ला चिविताव्हेकिया. कोलोसियम त्याच दिवशी जोडू नका. आई-बाबा आणि सहा वर्षांचं मूल बरोबर असताना ते होत नाही.

वार बघितलात का? रविवारी व्हॅटिकन म्युझियम बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि फुकट, पण तेव्हाच्या रांगेचा नाद सोडा. बुधवारी पोप चौकात दर्शन देतात तेव्हा बॅसिलिका दुपारपर्यंत बंद. फ्लॉरेन्समध्ये उफिझी आणि अकाडेमिया ही कलासंग्रहालयं सोमवारी बंद.

खिसापाकीट

वरच्या दोघांनी रोम बरोबर मांडलंय, पण आठ जण म्हणजे इटलीत बरोबर एक व्हॅन! साध्या परवान्यावर ड्रायव्हर धरून नऊ सीटची गाडी चालते, म्हणजे आठ प्रवासी. त्यामुळे व्हॅनचे पैसे तुमच्यात पुरते वसूल होतात. नववा माणूस असता तर दुसरी गाडी लागली असती. चार जणांच्या कुटुंबाला हेच गणित महाग पडतं, म्हणून दुसऱ्यांचं बघून ठरवू नका.

बुक करताना हे लेखी विचारा, ईमेलवर उत्तर घ्या:

गाडी जहाजाच्या शिडीपाशी येणार की बंदराच्या गेटबाहेर? जहाजाचं नाव कळवल्यावर वेळ बदलली तर तेच लक्ष ठेवणार का? जहाजानं ते बंदरच गाळलं तर पैसे पूर्ण परत का? (हे कलम नसेल तर पुढे जाऊ नका.) सहा वर्षांच्या मुलासाठी बूस्टर सीट आहे का? टोल, पार्किंग, शहरात शिरायचं शुल्क भावात धरलंय का? उरलेले पैसे दिवसाच्या शेवटी दिले तर चालतील का? चांगले लोक थोडा ॲडव्हान्स घेतात किंवा काहीच घेत नाहीत. पूर्ण पैसे आधी मागणारे टाळा.

आणि एक गैरसमज. ड्रायव्हर म्हणजे गाइड नव्हे. तो रस्त्यात माहिती सांगेल, पण पॉम्पेईच्या (नेपल्सजवळचं ज्वालामुखीत गाडलं गेलेलं रोमन शहर) किंवा कोलोसियमच्या आत येऊन समजावून सांगायचा परवाना त्याच्याकडे नसतो. आत गाइड हवा असेल तर वेगळा सांगावा लागतो.

ॲडव्हान्स किंवा तिकिटं, जे काही ऑनलाइन भरायचं ते इथून निघण्यापूर्वीच भरून टाका. जहाजावर भारतातल्या बँकेचा ओटीपी येत नाही आणि आलाच तर समुद्रातल्या नेटवर्कचं रोमिंग बिल सहलीपेक्षा महाग पडतं. जहाज सुटलं की फोन फ्लाइट मोडवर. कार्डावर परदेशी व्यवहार चालू केलेत का ते बघा. तिकडे मशीननं 'रुपयांत की युरोत' विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर ते लोक स्वतःच्या सोयीनं लावतात.

फलाट नं. ३

नेपल्सचं राहिलं. तिथे जहाज शहरालाच लागतं. पॉम्पेईला जायचं तर बंदरासमोर मुनिचिपियो हे मेट्रोचं स्टेशन, तिथून एक नंबर लाइननं गारिबाल्दी, आणि तिथून चिरकुमवेझुव्हियाना ही लोकल. या लोकलसाठी दोन सूचना. गाडी सोरेन्तोकडे जाणारीच पकडा आणि उतरा 'पॉम्पेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी' ला. स्टेशनासमोरच पोर्ता मारीना हे दार. नुसतं 'पॉम्पेई' नाव बघून दुसऱ्या लाइनवर बसलात तर आजच्या पॉम्पेई गावात उतराल आणि तिथून चालावं लागेल. गर्दी मुंबईच्या लोकलला शोभेल अशी, बहुतेक डब्यांत एसी नाही आणि पाकीटमारांचं आवडतं ठिकाण. वयस्कर बरोबर असताना माझं मत: नेपल्सला लोकल नकोच. 'कांपानिया एक्स्प्रेस' नावाची ठरावीक हंगामातली गाडी त्याच रुळांवर कमी थांबे घेत जाते, सीट राखीव असते, ती बघा. नाहीतर खिसापाकीट म्हणतात तशी व्हॅन.

पॉम्पेईत २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. नाव पासपोर्टप्रमाणेच टाका. बॅग ३० × ३० × १५ सेंमीपेक्षा मोठी आत नेता येत नाही, हे क्रूझवाल्यांच्या मोठ्या सॅकला नडतं. आतला रस्ता म्हणजे रोमन काळाचे मोठे, उंचसखल दगड, आईंच्या गुडघ्यांना सगळ्यात वाईट. पियाझ्झा आन्फितेआत्रोच्या दारानं 'पॉम्पेई फॉर ऑल' हा सपाट केलेला मार्ग सुरू होतो, ड्रायव्हरला तिथेच सोडायला सांगा.

अवांतर: इटलीत 'शोपेरो' म्हणजे संप हा नित्याचा आहे, अनेकदा शुक्रवारी. तारीख आधी जाहीर होते, तिथल्या वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर यादी असते. ट्रेनितालिया या सरकारी रेल्वे कंपनीच्या रेजिओनाले गाड्या, संप कामाच्या दिवशी असला तरी, सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ हमखास धावतात. पण तुमची परतीची गाडी तीनची! सकाळची गाडी मिळेल, रोमला पोचाल आणि दुपारी अडकाल. संध्याकाळी सहाची गाडी तुमच्या काहीच कामाची नाही. संपाचा दिवस असेल तर व्हॅन किंवा जहाजाची बस, यात चर्चा नको.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. म्हणजे नेपल्सला व्हॅन, रोमला जहाजाची नुसती बस किंवा व्हॅन. लिव्होर्नोला पिसा आणि फ्लॉरेन्स दोन्ही करावं का? आणि जहाज चुकलंच तर पासपोर्टाचं काय? काही कंपन्या भारतीय पासपोर्ट चढतानाच जमा करून घेतात असं वाचलं.

डेक ११

लिव्होर्नो ते फ्लॉरेन्स ट्रेननं दीड तासाच्या आसपास, पिसा पंधरा-वीस मिनिटं. दोन्ही एका दिवसात म्हणजे दोन्ही धावत. लिव्होर्नोचं बंदर मालवाहू आहे, बाहेर चालत जाता येत नाही. शटल बस गावातल्या पियाझ्झा ग्रान्देजवळ सोडते आणि रेल्वे स्टेशन तिथून आणखी बसनं. पिसाच्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना चढू देत नाहीत, म्हणजे धाकट्याला खाली कोणीतरी सांभाळायला हवं. चढणाऱ्यांनी वेळेचं तिकीट आधी काढावं. पर्स-पिशव्या खाली ठेवायला लावतात, त्यामुळे वेळेच्या दहा मिनिटं आधी तिथे हवं. माझं मत विचाराल तर नुसतं पिसा आणि जवळचं लुक्का हे तटबंदीचं जुनं गाव. लुक्काच्या तटबंदीवर सपाट चालता येतं, बाकं आहेत, आईंना झेपेल.

व्हिलफ्रान्शसाठी आधी पैसे भरून काहीही ठरवू नका. टेंडरचं बंदर वाऱ्यामुळे गाळलं जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, शिवाय टेंडरवर जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. तुम्हाला नंबरचं तिकीट घेऊन बसावं लागेल. खाली उतरलात की स्टेशन दहा मिनिटं, नीसला ट्रेन सात मिनिटं, मोनाको दुसऱ्या दिशेला. तिकीट तिथेच काढा. परतीची शेवटची टेंडर किती वाजता तेवढं सकाळी बघून ठेवा, तिथे ऑल अबोर्ड म्हणजे तीच वेळ. तुमच्यानंतर बोट येणार नाही.

पासपोर्ट: जमा करून घेतले असतील तर पहिल्या पानाची आणि शेंगेन व्हिसाची रंगीत झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात, शिवाय फोटो मोबाइलमध्ये. जमा केले नसतील तर केबिनच्या तिजोरीत. तुम्ही आला नाहीत तर जहाजाचे लोक तिजोरी उघडून पासपोर्ट काढतात आणि बंदरातल्या एजंटकडे देऊन जातात, निदान तशी पद्धत आहे. त्या एजंटचा फोन रोजच्या छापील पत्रकावर असतो, तेवढा कोपरा फाडून जवळ ठेवा. तुमचा सगळा मार्ग शेंगेनमध्येच (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आहे, म्हणून पुढच्या बंदरावर रेल्वेनं जाऊन गाठणं शक्य आहे: नेपल्सहून रोममार्गे चिविताव्हेकिया, चिविताव्हेकियाहून किनाऱ्यानं लिव्होर्नो अडीच-तीन तास. ट्युनिशिया किंवा तुर्कस्तान मध्ये असतं तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्री लागला असता आणि गाठणंही अवघड झालं असतं.

खिसापाकीट

एक राहिलं. बुफेमधलं उघडं अन्न आणि फळं खाली नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातलं चालतं. मुलांसाठी चिवड्याची पाकिटं घरूनच घेऊन जा. पॉम्पेईत आत कॅन्टीन आहे, पण जेवणाच्या वेळी रांग असते आणि व्हॅनचा ड्रायव्हर दोनला दाराशी उभा असतो.