मदत हवी आहे: लारावेलची कॅश चारदा पुसली, मेसेज जुन्याच हेडरने जातायत

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतदुकानासाठी लारावेलमध्ये (पीएचपीचं फ्रेमवर्क) छोटं अ‍ॅप केलंय. सौदे झाले की दिवाणजी राजापुरी हळदीचा लॉटवार दर भरतात आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्याला एसएमएस जातो. सोमवारी एसएमएसचं हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, बदललं. डॉट ईएनव्ही या सेटिंगच्या फाइलमध्ये नवीन टाकलं आणि कॅश (तात्पुरता साठवलेला डेटा) पुसायला कॅश:क्लिअर चालवलं. फरक शून्य. मग ऑप्टिमाइझ:क्लिअर, मग सेटिंग नव्याने साठवणारं कॉन्फिग:कॅश, मग परत पहिल्यापासून.

गंमत म्हणजे अ‍ॅडमिनमधलं चाचणीचं बटण दाबलं की मेसेज नव्या हेडरने येतो. दर भरल्यावर जाणारे मात्र जुन्याच. वर भर सौद्यात सगळे लॉगआउट झाले, शेठनी चांगलंच सुनावलं. फोनवर ‘कॅश क्लिअर केली’ म्हणालो तर दिवाणजी आधी गल्ला बघून आले.

प्रतिसाद १
ब्राउझरची हिस्टरी साफ करून बघा.

धागाकर्ता
एसएमएसला ब्राउझर कुठला आला दादा?

प्रतिसाद २
दराचे मेसेज क्यूतून, म्हणजे कामांच्या रांगेतून, जातात आणि चाचणीचा थेट, असं आहे का? असेल तर दोष कॅशचा नाही. रांगेतली कामं करणारा वर्कर, म्हणजे क्यू:वर्क, सुरू होताना अ‍ॅप एकदाच मेमरीत चढवतो आणि तेच धरून बसतो. तुम्ही फाइल बदला, कॉन्फिग पुसा, त्याला पत्ताच नाही. क्यू:रिस्टार्ट द्या. हातातलं काम संपवून तो थांबेल, सुपरवायझर (वर्कर चालू ठेवणारा प्रोग्राम) नवा उभा करेल.

मात्र त्याच्या पाठोपाठ कॅश:क्लिअर मारू नका. थांबायचा निरोप कॅशमध्येच ठेवलेला असतो, वर्करने वाचायच्या आत पुसला गेला तर तो जुनाच चालत राहील. आणि कॅश:क्लिअर प्रिफिक्स (नोंदींच्या नावाआधीची खूण) बघत नाही, अख्खा साठा रिकामा करतं. सेशन (लॉगिनच्या नोंदी) त्याच रेडिस डेटाबेसमध्ये दिसतायत, म्हणून लोक बाहेर पडले. क्यूही तिथंच असेल तर रांगेतले मेसेजही गेले.

डॉट ईएनव्ही बदलल्यावर कॉन्फिग:कॅश आणि क्यू:रिस्टार्ट, एवढंच पुरतं.

धागाकर्ता
झालं! वर्कर ४१ दिवस अखंड चालू होता. आता दराचे मेसेज नव्या हेडरने जातायत. आणि क्यू त्याच डेटाबेसमध्ये निघाली हो. सोमवारी वाळव्याचे दोघे मेसेज आला नाही म्हणून दुकानात येऊन गेले होते, मी नेटवर्कवर ढकललं होतं.

आता कॅश, सेशन, क्यू तिन्हीला वेगळे डेटाबेस नंबर देतोय. चालू सौद्यात बदललं तर परत सगळे बाहेर पडतील ना?

प्रतिसाद २
पडतील. रांग रिकामी झाल्यावर रात्री करा, आणि नंतर वर्कर सुपरवायझरमधूनच रिस्टार्ट करा. या वेळी क्यू:रिस्टार्टवर विसंबू नका, कॅशचा नंबर बदलला तर निरोप नव्या कॅशमध्ये जाईल आणि जुना वर्कर जुनीच बघत राहील.